पडद्याआधीचं जंगल

रॉसिनीच्या ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’ या विनोदी ऑपेराची म्हणून आज जी ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीची वाद्यरचना, जगभर वाजते, ती मुळात त्या ऑपेराची नाहीच. १८१३ साली त्याने ती मिलानमध्ये रोमन बादशहावरच्या एका गंभीर ऑपेरासाठी वापरली. १८१५ मध्ये नेपल्सला इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीवरच्या ऑपेरापुढे थोडा फेरफार करून तीच लावली आणि मग सेव्हिलच्या न्हाव्यालाही तीच चिकटली. कोणाची फारशी तक्रार नव्हती. इटलीत ओव्हर्चरचं काम एवढंच, की उशिरा येणाऱ्यांना जागा सापडावी, गप्पा थांबाव्यात आणि पडदा वर जाण्याआधी कान जरा तापावेत.

त्याच काळात ड्रेस्डेनमध्ये कार्ल मारिया फॉन वेबर एक ऑपेरा लिहीत होता. १८१७ मध्ये त्याने काम सुरू केलं आणि सगळ्यात शेवटी, १८२० च्या मे महिन्यात, ओव्हर्चर पूर्ण केली. शेवटी लिहिण्याचं कारण आळस नव्हतं. पुढच्या तीन अंकांत जे घडणार होतं ते आधी स्वतःला नीट माहीत असल्याशिवाय त्याला ही दहा मिनिटं लिहिताच आली नसती. ऑपेराचं नाव ‘देर फ्रायश्युट्स’. जादूच्या गोळ्या वापरणाऱ्या नेमबाजाची ही गोष्ट. ऑपेरा जर्मनीबाहेर आता पूर्वीइतका होत नाही, जर्मनीत मात्र तो अजून घरचा मानतात. ओव्हर्चर तर मैफलींच्या मंचावर स्वतंत्रपणे जगते आहे, आणि माझ्या मते ती ऑपेरापेक्षाही जास्त खरी आहे. असं का वाटतं, ते सांगायचं तर आधी गोष्ट सांगायला हवी.

तीस वर्षांचं युद्ध नुकतंच संपलेलं आहे आणि आपण बोहेमियाच्या जंगलात आहोत. माक्स हा तरुण शिकारी. वनाधिकारी कूनोच्या मुलीवर, आगाथेवर, त्याचं प्रेम आहे. लग्न हवं असेल तर राजासमोर नेम मारून दाखवायचा, अशी जुनी रीत. आणि नेमकं याच वेळी माक्सचं नशीब फिरलेलं, एकही गोळी लागत नाही. कास्पार हा दुसरा शिकारी त्याला गाठतो. त्याने सैतानाला, सामिएलला, आपला आत्मा आधीच विकलेला आहे आणि स्वतःची मुदत वाढवायला त्याला बदली बळी हवा आहे. मध्यरात्री लांडगेघळीत ये, तिथे सात गोळ्या ओतू, असं तो सांगतो. सहा गोळ्या माक्सच्या मनाप्रमाणे लागतील, सातवी सामिएलच्या मनाप्रमाणे. ऑपेरात सामिएल एकदाही गात नाही, फक्त बोलतो. ज्याच्याजवळ गाणं नाही तो सैतान, ही कल्पना मला फार आवडते.

ऑपेराची संहिता लिहिणाऱ्या फ्रीडरिश किंडने हे कथानक १८१०-११ च्या सुमारास छापलेल्या एका भुताखेतांच्या कथासंग्रहातून घेतलं. मूळ गोष्टीत शेवट वाईट होतो, मुलगी मरते. किंड आणि वेबरने तिला वाचवलं, आणि त्यामुळे पुढे एक अडचण झाली. तिच्याकडे नंतर येऊ.

ओव्हर्चरची सुरुवात म्हणजे एकच स्वर. सी, आपल्या सोयीसाठी सा म्हणू. तंतुवाद्यं आणि काही फुंकवाद्यं मिळून, वेगवेगळ्या सप्तकांत, पण एकच स्वर. ऐकू येईल न येईल इतका हळू सुरू होतो आणि फुगत जातो. त्याला व्हायोलिनचं एक मऊ वाक्य उत्तर देतं. हे दोनदा घडतं. अजून सूर मेजरचा की मायनरचा, दिवस की रात्र, काही ठरलेलं नाही. मग चार हॉर्न येतात.

या हॉर्नसाठी थांबायला हवं. १८२० चा हॉर्न म्हणजे गुंडाळलेली लांब पितळी नळी, तिला कळा नाहीत. नुसत्या नळीतून फुंकर आणि ओठांच्या ताणाने निघतील तेवढेच स्वर निघायचे. मूळ स्वर आणि त्याच्यावर निसर्गतः उमटणारे उपस्वर, बस. मधले स्वर काढायचे तर वादक हॉर्नच्या उघड्या तोंडात हात कोंबून आवाज थोडा झाकायचा आणि तो स्वर घुसमटलेला यायचा. कळांचं तंत्र तेव्हा नुकतंच निघालं होतं. बर्लिनमध्ये १८१८ साली श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं होतं. वेबरने मात्र कळा नसलेले हॉर्न गृहीत धरले. त्याने दोन हॉर्न एफच्या पट्टीत ठेवले आणि दोन सीच्या पट्टीत, म्हणजे एका जोडीला न मिळणारा स्वर दुसरी जोडी देईल. खाली व्हायोलिनची हलकी लहर आणि वर ही चौकडी, भजनासारखी संथ धून वाजवते. त्या काळच्या जर्मन श्रोत्याला हॉर्न हे वाद्य वाटायच्या आधी जंगल वाटायचं, कारण शिकारीत एकमेकांना इशारे द्यायला तेच वापरत. त्यामुळे पडदा न उघडता, एकही झाड न रंगवता, जंगल तयार झालं.

आणि इथे एक गंमत आहे, जिच्याकडे बरेच लोक लक्ष देत नाहीत. ओव्हर्चरमधलं बाकी बहुतेक सगळं ऑपेरातून आलेलं आहे. ही हॉर्नची धून मात्र ऑपेरात कुठेच नाही. ओव्हर्चरमध्येही ती परत येत नाही. सगळ्यांच्या लक्षात राहणारी, पुढे स्तोत्रांच्या पुस्तकांतही शिरलेली ही चाल वेबरने एकदा वाजवून सोडून दिली. पुढे सगळं सुखरूप पार पडतं, तरी ते पहिलं निर्धास्त जंगल कोणाला परत मिळत नाही.

हॉर्न थांबतात आणि काळोख पडतो. हे वेबरने कसं केलं ते अगदी तपशिलात सांगता येतं, कारण त्याने वापरलेली सामग्री मोजकी आहे. व्हायोलिन आणि व्हायोला एकाच जागी गज थरथरवत ठेवतात. क्लॅरिनेट आपल्या सगळ्यात खालच्या, पोकळ आवाजाच्या भागात जातात. डबल बास बोटांनी तार खुडतात आणि त्यांच्याबरोबर टिंपनीचा बोथट ठोका पडतो, तोही जोर अपेक्षित असतो तिथे नाही, त्याच्या मागून. ठोका चुकणारं काळीज असं आपण म्हणतो, ते इथे अक्षरशः लिहिलेलं आहे. वेबरने संगीतलेखक लोबे याच्याशी बोलताना या ऑपेराच्या दोन बाजू सांगितल्या होत्या. एक शिकाऱ्यांचं जगणं आणि दुसरी काळ्या शक्तींची सत्ता. दुसऱ्या बाजूसाठी त्याने मुद्दाम व्हायोलिन, व्हायोला, बास, क्लॅरिनेट यांचे खालचे भाग आणि टिंपनीचे एकाकी ठोके निवडले होते.

आपल्याकडे क्लॅरिनेट ओळखीचा आहे तो लग्नाच्या वरातीतल्या बँडमुळे. तिथे तो वरच्या पट्टीत, सगळ्या पितळी वाद्यांना कापत जातो. त्याच नळीच्या तळाशी असा गडद, किंचित ओलसर आवाज आहे हे वरातीत कधी कळत नाही. वेबरला कळलं होतं. १८११ मध्ये म्युनिकचा वादक हाइनरिश बेअरमानसाठी त्याने एक कॉन्चर्टिनो आणि दोन कॉन्चेर्टो लिहिले, तेव्हाच त्याने या वाद्याचा कोपरान्कोपरा पाहून ठेवला होता.

या काळोखात जो स्वरमेळ आहे तो मात्र थोडा समजावून सांगायला हवा. सी म्हणजे सा धरला, तर त्यात सा, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि शुद्ध धैवत असे चार स्वर एकाच वेळी वाजतात. यातला प्रत्येक स्वर पुढच्यापासून तीन अर्धस्वर दूर आहे, धैवतापासून वरचा साही तितकाच दूर. म्हणजे सप्तकाचे चार बरोबर समान तुकडे झाले. समान तुकड्यांची अडचण ही, की त्यांत घर कुठलं ते कळत नाही. चारांपैकी कुठलाही स्वर मूळ मानला तरी चालतं, आणि म्हणून कुठलाच मानता येत नाही. मधुवंतीतही कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि शुद्ध धैवत आहेत, पण तिथे खाली तानपुरा सा-प धरून असतो आणि तेच स्वर आर्जवी वाटतात. इथे पंचमच नाही. पायाखाली काही नाही. पाश्चात्त्य संगीतात या स्वरमेळाला डिमिनिश्ड सेव्हन्थ म्हणतात. तो वेबरने शोधला नाही, बाखपासून सगळ्यांनी धक्का द्यायला तो वापरला होता. वेबरने त्याला एका पात्राची ओळख दिली. सामिएल जिथे जिथे येतो तिथे हाच स्वरमेळ असतो. त्याहूनही पुढची गोष्ट म्हणजे लांडगेघळीचा अख्खा प्रवेश ज्या पट्ट्यांमधून फिरतो त्यांतही एफ शार्प, ए, सी आणि ई फ्लॅट हेच चार खांब आहेत. प्रवेश सुरू होतो एफ शार्पवर, संपतोही तिथेच. सा पासून तीव्र मध्यम, म्हणजे घरापासून जितकं दूर जाता येईल तितकं.

मग वेग येतो. सी मायनरमध्ये व्हायोलिन अस्वस्थ, ठोक्याला चुकवत जाणारी धून सुरू करतात. ऑपेराच्या पहिल्या अंकात माक्सला आपल्याभोवती काळ्या शक्तींचं जाळं विणलं जातंय असं वाटतं, ते गाणं हेच. त्यातून सगळा वाद्यवृंद फुटतो, ते वादळ लांडगेघळीतलं. आणि या सगळ्या गोंगाटावर एकटा क्लॅरिनेट उंच, लांब श्वासाची एक धून सोडतो. वेबरने तिथे ‘अतिशय उत्कटतेने’ अशी सूचना लिहिली आहे. बर्लिओझने वाद्यवृंदाच्या रचनेवरच्या आपल्या ग्रंथात या जागेवर जीव ओवाळला आहे. त्याला तिथे वादळी जंगलात आभाळाकडे डोळे लावून बसलेली शिकाऱ्याची एकाकी वाग्दत्त वधू दिसते. सुंदर आहे. पण ऑपेरात ही ओळ माक्सच्या तोंडी आहे, घळीच्या काठावर उभं राहून खाली दरीत बघताना. बर्लिओझला हे माहीत नसेल असं नाही, १८४१ मध्ये पॅरिसच्या प्रयोगासाठी त्यानेच या ऑपेराच्या संवादांना संगीत दिलं. त्याच्या कानाने गोष्टीपेक्षा वाद्याचं जास्त ऐकलं, एवढाच याचा अर्थ. वेबरचं यश मला इथे दिसतं. शब्द काढून टाकले तरी धून माणसाच्या आवाजासारखी वागते आणि ऐकणारा तिच्यात स्वतःचं माणूस बसवतो.

क्लॅरिनेटच्या पाठोपाठ ई फ्लॅट मेजरमध्ये आगाथेची धून येते. दुसऱ्या अंकात ती रात्री खिडकीशी माक्सची वाट बघते आणि तो येताना दिसतो, तेव्हा तिच्या आनंदाला जी चाल मिळते तीच ही. आता लढाईच्या दोन्ही बाजू समोर आल्या.

पुढचा आराखडा सोनाटाचा आहे, हायडन-मोझार्टपासून चालत आलेला. दोन विरोधी विषय दोन पट्ट्यांत मांडायचे, मधल्या भागात त्यांना भिडवायचं आणि शेवटी दोघांनाही मूळ पट्टीत परत आणायचं. ओव्हर्चर म्हणजे ऑपेरातल्या चालींचं नुसतं गाठोडं नव्हे, हे वेबरच्या या आराखड्याने ठरतं. मधल्या भागात आगाथेची धून पुन्हा पुन्हा डोकं वर काढते आणि दरवेळी खालची वाद्यं तिला तोडतात. मग माक्सची अस्वस्थ धून सी मायनरमध्ये परत येते. नियमाप्रमाणे आता थोड्या वेळाने आगाथेचीही यायला हवी. येत नाही. वेबर ती अडवून धरतो. तिच्याऐवजी पुन्हा वादळ येतं आणि त्यानंतर सुरुवातीचा तो काळोख, तेच थरथरते गज, तेच खुडलेले बास. आवाज विरत विरत जवळजवळ संपतो. शांतता. श्रोत्याला वाटतं, सातवी गोळी सुटली.

आणि मग सगळा वाद्यवृंद पूर्ण ताकदीने सी मेजरचा स्वरमेळ वाजवतो. आगाथेची धून त्याच्यामागून धावत येते आणि ओव्हर्चर तिच्यावरच संपते.

सी मायनरच्या अंधारातून सी मेजरचा उजेड ही युक्ती त्या श्रोत्यांना नवी नव्हती. हायडनच्या ‘सृष्टी’ या १७९८ च्या रचनेत देव प्रकाश निर्माण करतो तेव्हा हाच स्वरमेळ असाच फुटतो. बेथोवेनच्या १८०८ च्या पाचव्या सिंफनीत सी मायनरमधून सी मेजरमध्ये जाणारा पूल अंगावर काटा आणतो. पण बेथोवेनच्या पुलावरून माणूस स्वतः चालत जातो. वेबरचा उजेड न मागता, बाहेरून येतो. मधला पूलच नाही, नुसती पोकळी आहे.

ऑपेराची अडचण म्हटली ती हीच. शेवटी माक्स सातवी गोळी एका पांढऱ्या कबुतरावर झाडतो, आगाथे कोसळते, पण एका वनवासी साधूने दिलेल्या गुलाबांच्या, तिच्या डोक्यावरच्या मुकुटामुळे ती वाचते आणि गोळी कास्पारला लागते. मग तो साधू स्वतः येतो, राजाला समजावतो आणि माक्सला वर्षभराची मुदत मिळवून देतो. हा साधू प्रेक्षकांनी तोवर एकदाही पाहिलेला नसतो. किंडच्या मूळ संहितेत ऑपेराची सुरुवातच साधू आणि आगाथेच्या प्रवेशाने होत होती. वेबरची बायको कारोलिना, जी स्वतः गायिका होती, तिने तो प्रवेश काढायला लावला. सरळ लोकांच्या गर्दीत, धडाक्याने सुरुवात कर, हा तिचा आग्रह. किंड रागावला, पण प्रवेश गेला. तेव्हापासून टीकाकार म्हणत आले आहेत की शेवटचा साधू आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

मला वाटतं, ज्याने ओव्हर्चर ऐकली आहे त्याला तो तसा वाटू नये. त्या शांततेनंतरच्या सी मेजरने सांगून ठेवलेलं असतं की सुटका बाहेरून येणार आहे, माक्सच्या हातून काही होणार नाही. रंगमंचावर हे पटवायला दाढीवाला साधू आणि लांब भाषण लागतं. वाद्यवृंदाला एक श्वास पुरतो.

लोकांनी ही ओव्हर्चर ऑपेराच्या आधीच ऐकली, हेही विसरू नये. ऑक्टोबर १८२० मध्ये कोपनहेगनला वेबरने ती मैफलीत वाजवली, म्हणजे पडदा उघडायच्या आठ महिने आधी. गोष्ट ठाऊक नसलेल्या श्रोत्यांसमोर ती उभी राहिली. ऑपेराचा पहिला प्रयोग १८ जून १८२१ ला बर्लिनच्या नव्या नाट्यगृहात झाला. ते वास्तुकार शिंकेलने बांधलं होतं आणि उघडून महिनाही झाला नव्हता. दिवस वॉटर्लूच्या विजयाचा स्मरणदिन. नेपोलियनविरुद्धच्या लढाईची गाणी वेबरने १८१४ मध्ये स्वरबद्ध केली होती, त्यामुळे तरुणांचा तो लाडका होताच. त्याआधी महिनाभर राजदरबाराचा मानकरी स्पोन्तिनी याचा भपकेबाज ‘ऑलिम्पी’ बर्लिनच्या दुसऱ्या रंगमंचावर झाला होता. इकडे इटालियन दिमाख आणि तिकडे जर्मन जंगल, असा सामना वर्तमानपत्रांना आणि कॉफीघरांना आयताच मिळाला. वेबर दिवसभर थंड डोक्याने बसला होता. त्या दिवशी सकाळी त्याने आपला पियानोचा कॉन्त्सर्टश्ट्युक पूर्ण केला आणि बायकोला व आपला शिष्य बेनेडिक्टला वाजवून दाखवला. संध्याकाळी प्रेक्षकांनी ओव्हर्चर पुन्हा वाजवायला लावली. तिसऱ्या अंकातलं वधूच्या मैत्रिणींचं गाणंही पुन्हा मागितलं. ते पुढे इतकं पसरलं की कवी हाइनेने १८२२ च्या बर्लिनच्या पत्रांत वैतागून लिहिलं, सकाळपासून रात्रीपर्यंत गल्लीबोळांत दुसरं काही ऐकूच येत नाही.

त्या रात्री प्रेक्षकांत बारा वर्षांचा फेलिक्स मेंडेल्सोन होता. पाच वर्षांनी त्याने ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ची ओव्हर्चर लिहिली, तिलाही समोर नाटक लागत नाही. ड्रेस्डेनमधल्या आणखी एका मुलाने वेबरला रस्त्याने जाताना पाहिलं होतं. तो पियानोवर लपूनछपून ही ओव्हर्चर स्वतःच्या मनाने, चुकीची बोटं टाकत वाजवायचा. त्याच्या शिक्षकाने ती ऐकून सांगितलं की याच्याकडून काही होणार नाही. मुलगा रिशार्ड वाग्नर. मोठेपणी त्यानेच हा किस्सा लिहिला आणि शिक्षकाचं बरोबर होतं, आपल्याला पियानो कधीच नीट वाजवता आला नाही, अशी कबुली दिली. वेबर १८२६ मध्ये लंडनला क्षयाने गेला, चाळिशी गाठायच्या आधी. १८४४ मध्ये त्याचे अवशेष ड्रेस्डेनला आणण्यात पुढाकार वाग्नरचाच होता.

ऐकायची असेल तर कार्लोस क्लायबरचं १९७३ चं ध्वनिमुद्रण घ्यावं. ते ड्रेस्डेनच्या त्याच वाद्यवृंदाचं आहे, ज्याच्याबरोबर वेबर रोज काम करायचा. क्लायबर त्या शांततेत इतका थांबतो की ध्वनिमुद्रणात बिघाड झाला की काय असं क्षणभर वाटतं. त्याच्या १९७० च्या श्टुटगार्टमधल्या तालमीचं चित्रीकरणही उपलब्ध आहे, वाद्यवृंद कसा घडतो हे बघायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. त्यानंतर रेने याकोब्सचं २०२२ चं मुद्रण ऐकावं. त्यात जुन्या घडणीची वाद्यं आहेत, आणि चारही हॉर्नच असूनही प्रत्येकाचा आवाज थोडा वेगळा, थोडा खडबडीत येतो. याकोब्सने कारोलिनाने काढायला लावलेला साधूचा प्रवेशही सुरुवातीला परत आणला आहे. हेतू स्तुत्य आहे, पण ओव्हर्चर संपल्यावर लगेच साधू येतो तेव्हा नुकतंच जे वाद्यांनी सांगितलं तेच तो पुन्हा समजावतोय असं वाटतं. कारोलिनाचं बरोबर होतं.